धुळीची ऊब

जिन्याच्या वळणावर एक माणूस भिंतीला पाठ लावून बाजूला झाला. "अहो, जरा जाऊ देता?" असं ती म्हणाली होती आणि त्यावर तो अगदी अदबीने "या ना, या" म्हणाला होता. तिने मान हलवून आभार मानले, एक मजला चढली, कुलपात किल्ली घातली, किल्ली अर्धी फिरली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की तो वाट देणारा माणूस तिचा नवरा होता. आता, होतं असं. दिवसभर पडद्याला डोळे लावून बसलेल्या बाईला संध्याकाळी स्वतःच्या घराचं दार सापडलं हेच पुष्कळ. डोक्यावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधणारी माणसं काय थोडी आहेत? पण ही बाई नवऱ्याला जन्मात कधी 'अहो' म्हणाली नव्हती. लग्नाआधीपासूनचं अरे-तुरे. सासूबाईंनी सुरुवातीला नाक मुरडून पाहिलं, मग नाक दुखायला लागलं असावं, सोडून दिलं. आणि तोही तिला कधी 'या ना' म्हणाला नव्हता. तो 'ये गं' म्हणायचा, किंवा 'सरक' म्हणायचा, नाहीतर काहीच न म्हणता तिच्या हातातली पिशवी ओढून घ्यायचा. ती कठड्यावरून वाकली. खाली जिना रिकामा होता. रस्त्याकडचं दार लागल्याचा आवाज तेवढा आला. हाक मारावी म्हणून तिने तोंड उघडलं, पण कोणती हाक मारायची हेच तिला चटकन सुचेना, तेव्हा ती आत गेली.

थोड्या वेळाने तो आला. हातात साबणाची वडी होती. "आलास?" "हं." वडी न्हाणीघरात ठेवून तो जेवायला बसला. ती वाट पाहत राहिली. एरवी, म्हणजे पूर्वी, हा प्रसंग त्याने आठ दिवस पुरवून पुरवून खाल्ला असता. शेजाऱ्यांना सांगितला असता, तिच्या ऑफिसात फोन करून 'अहो आहेत का' म्हणून विचारलं असतं. आता तो खाली मान घालून घास चावत होता, नीट, सगळ्या दातांनी. म्हणजे एक तर त्यानेही तिला ओळखलं नव्हतं, किंवा ओळखलं होतं आणि तो गप्प बसला होता. ह्यातलं बरं कुठलं, ते तिला ठरवता येईना. विचारावं तर आधी स्वतःचं कबूल करावं लागणार. दोघांचेही हात एकाच दगडाखाली सापडले होते. तिने भांडी घासली, तो मागच्या खोलीत गेला, आणि झोपताना तिला जाणवलं की आपण त्याच्या तोंडाकडे पाहायचं टाळतोय. पाहिलं आणि पुन्हा ओळखलं नाही तर काय, अशी भीती तिला वाटत होती. ही भीती वेडगळ आहे हेही तिला कळत होतं. पण कळून भीती जात असती तर आणखी काय हवं होतं.

का ओळखलं नाही, ते तिने अंथरुणात पडल्या पडल्या शोधून काढलं. तो कवळ्या करायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवत, मागच्या खोलीत तो त्यात प्लॅस्टर ओतून साचे काढी, ते बिजागरीच्या चौकटीत बसवी, वरचा जबडा खालच्यावर नीट बसतो का ते उघडझाप करून बघे, आणि घासत बसे. "गावातले सगळे म्हातारे माझ्या जिवावर दात काढतात," असं म्हणायचा. धाकटा दीर आला की दोघं भाऊ ती चौकट घेऊन बसत आणि एकेका गिऱ्हाइकाचा जबडा त्याच्या त्याच्या आवाजात बोलायला लावत. हसून हसून पोट दुखायचं. नकला दोघांनाही यायच्या. ह्या धंद्याचं पांढरं पीठ घरभर असे. त्याच्या भुवयांवर, हातांच्या केसांवर, दिव्यांच्या बटणांवर, उशीवर, तिच्या काळ्या शालीवर. सोळा वेळा पुसा, सतराव्यांदा आहेच. तिने त्यावरून पुष्कळ कटकट केली होती. आणि जिन्यात उभा असलेला माणूस स्वच्छ होता. घासून अंघोळ केलेला, हात नखांपर्यंत निर्मळ, भांगसुद्धा उलट्या बाजूला पाडलेला. म्हणजे इतकी वर्षं आपण पीठ बघून नवरा ओळखत होतो की काय, असं तिच्या मनात आलं, आणि तिला अंधारात थोडं हसू आलं आणि मग मुळीच आलं नाही. शेजारी त्याची ऊब होती. चादरीतून येणारी, ओळखीची. चेहरा भिंतीकडे होता.

आता तिचं कामही असं की त्यात हेच चालायचं, त्याला ती काय करणार. एका थंडगार दुर्बिणीने आकाशातली ऊब टिपलेली. डोळ्यांना दिसत नाही असा उष्णतेचा प्रकाश, अवरक्त म्हणतात तो. त्यातले जे सगळ्यात प्रखर ठिपके, त्यांना ऑफिसात 'साहेब' म्हणत. एकेका साहेबाचा वर्णपट समोर घ्यायचा आणि तो कुठल्या जातीचा ते ठरवायचं. बहुतेक साहेब म्हणजे फुगलेले, गारठत चाललेले म्हातारे तारे. कुणीतरी पूर्वी चुकीच्या समजुतीने त्यांना 'उशिराचे' तारे म्हटलं. समजूत गेली, नाव राहिलं. हे तारे स्वतःच्याच अंगातून धूळ बाहेर टाकतात आणि तिच्यात बुडत जातात. साध्या डोळ्याला तिथे काही दिसत नाही, काळोखच. धूळ मात्र आतल्या धगीने तापते, आणि दुर्बिणीला दिसते ती धुळीची ऊब. धूळ रेतीची असली तर वर्णपटात ठरलेल्या जागी उंचवटा येतो. काजळीची असली तर दुसऱ्या जागी. आणि काहीच नसलं तर रेघ सपाट. 'सपाट' लिहिलं की साहेब बाजूला. त्याच्याकडे परत कुणी बघत नाही, धूळ नाही तर बघायचं काय. दोघांनी वेगवेगळं वाचायचं आणि जुळलं नाही तर मोठ्या बाईंकडे जायचं, अशी पद्धत होती. दुसरा वाचणारा म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सुतळी. अंगाने तसा, आणि गुंताही तसाच करायचा.

सकाळी ती जाऊन बसते न बसते तोच सुतळी खुर्ची ओढत आला. "ताई, ह्या तुमच्या साहेबांचं काय करायचं? तुम्ही सपाट म्हणताय."

"सपाटच आहे तो. बघ ना. ना उठाव, ना खळगा."

"आणि एवढी ऊब कुठून मारतोय मग? बिनधुळीचा?"

मोठ्या बाई मागून येऊन उभ्या राहिल्या होत्या. ह्या बाई रागवत नसत, प्रश्न विचारत. ते जास्त लागे. "सपाट आलं की काय करायचं असतं?"

"पुढच्या भागात दुसरा उंचवटा आहे का ते बघायचं."

"बघितलंत?"

"नाही."

"बघा." त्यांनीच पडदा पुढे सरकवला. पुढे, जिथे सहसा कुणी जात नाही तिथे, लांबलचक फुगवटा होता. "धूळ पातळ असली की उठाव दिसतो. फार साचली की बाहेरची गार धूळ आतल्याची चमक गिळते आणि त्याच जागी खळगा पडतो. आणि उठावाकडून खळग्याकडे जाताना मध्ये एक वेळ अशी येते की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. रेघ सपाट. बघणाऱ्याला वाटतं, इथे काही नाही, सगळं ठीक आहे." बाई जाता जाता म्हणाल्या, "तो धुळीत बुडायला निघालेला असतो. नवशिके असे फसतात. तुम्ही कशा फसलात?"

सुतळीने तिची बाजू घ्यायची म्हणून काहीतरी विनोद केला. तिने ऐकला नाही. ती पडद्याकडेच बघत होती, पण त्या साहेबाला बघत नव्हती.

धाकटा दीर गेला त्याला वर्ष होत आलं होतं. साधं आजारपण, दवाखान्यात ठेवलं, उद्या सोडतो म्हणाले, आणि तो गेला. नवरा तेव्हा तिथे होता. पण तो रडला नाही. नातेवाईक आले, त्याने सगळ्यांना खुर्च्या दिल्या. सासूबाईंना धरून बसला. घरी आला, दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत जाऊन प्लॅस्टर कालवायला लागला. जेवत होता, झोपत होता, डॉक्टरांचे निरोप घेत होता, वेळेवर माल देत होता. 'सावरला हो,' लोक म्हणाले. 'घट्ट आहे.' सासूबाई आपल्या गावाहून फोन करत आणि विचारत, कसा आहे गं मोठा? ती म्हणे, ठीक आहे आई. पुढच्या वेळीही ठीक आहे. तिला खरंच तसं वाटत होतं, हीच तर गंमत. उठाव नाही, खळगा नाही. ठीक आहे, लिहा आणि बाजूला ठेवा. विनोद बंद झाले होते, पण दुःखात कोण विनोद करतो? ती सोयीसाठी फसली होती. घरात एक तरी माणूस ठीक असावं म्हणून. पुढचं पान तिने उलटलं नव्हतं, आणि उलटलं नव्हतं ते मुद्दाम, हे आता तिला स्वतःशी नाकारता येईना. टेबलाशी बसून तिने डोळे मिटले आणि नवऱ्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. आली ती खुर्ची, जी ती बसायला गेली की गरम असे. आला चहाचा कप, धुऊन उलटा घातलेला, अजून कोमट. न्हाणीघराच्या आरशावरची वाफ. टॉवेल ओला. बटणावरचं पांढरं बोट. घरभर त्याच्या पाऊलखुणांची ऊब होती, तिला वर्षभर तीच पुरत होती, आणि प्रत्यक्ष त्याला तिने ह्या वर्षात नक्की कधी पाहिलं, हे काही केल्या आठवेना. आणि गेले कित्येक दिवस, आता तिच्या लक्षात येत होतं, ते पांढरं बोटही दिसलेलं नव्हतं. शालही काळीच राहिली होती. तिने तर सुटकेचा निःश्वास टाकला होता, की एकदाचं घर स्वच्छ राहायला लागलं.

दुसऱ्याही एका गोष्टीने तिला खुर्चीतून उठवलं. 'या ना, या.' हे शब्द सकाळपासून तिच्या कानात बसले होते. तिला ते कुणाचे आहेत ते कळत नव्हतं, आणि सुतळी पाण्याची बाटली घेऊन दारातून येताना दुसऱ्या कुणाला वाट देत उभा राहिला तेव्हा एकदम कळलं. ते धाकट्याचे होते. धाकटा तिला 'अहो वहिनी' म्हणायचा, थट्टेने, पुढे वाकून, राजवाड्यातल्या चोपदाराच्या थाटात, आणि तीही त्याला मुद्दाम 'भाऊजी' आणि 'तुम्ही' म्हणायची. दोघांचा तो खेळच होता. जिन्यात भेटला की धाकटा असाच भिंतीला चिकटायचा. भांगही त्याचा त्या उलट्या बाजूलाच असायचा. माणूस मेल्यावर जिन्यात भेटतो असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, आणि तिला जी भीती वाटली ती धाकट्याची नव्हतीच. जिन्यात धाकटा होता, तर मग नवरा कुठे होता? तिने पर्स उचलली. "बरं नाही का ताई?" सुतळीने विचारलं. "घरी जाऊन येते," ती म्हणाली, आणि दुपारच्या उन्हात चालायला लागली. रस्त्यावर माणसं होती, दुकानांच्या काचा होत्या, एका काचेत तिला स्वतःचं तोंड दिसलं आणि तेही क्षणभर परकं वाटलं. ती आपल्या घरी अशा वेळेला कधी गेली नव्हती. दुपारी आपलं घर कसं असतं, हे तिला माहीतच नव्हतं.

दार तिने आवाज न करता उघडलं, आणि आपण चोरासारखं का वागतोय ह्याची तिला लाज वाटली. घर उबदार होतं. मागच्या खोलीतून बोलणं येत होतं आणि मध्येच हसणं. ते हसणं ऐकून ती तिथेच थांबली. धाकटा असा हसायचा, आधी नाकातून, मग एकदम मोकळा. ती भिंत धरून पुढे गेली. मागची खोली पुसून लख्ख केलेली होती. टेबल, फळ्या, खिडकीचे गज, कुठे कणभर पांढरं नाही. बिजागरीच्या चौकटी रिकाम्या, ओळीने. आणि टेबलाच्या कडेवर, एक पाय हलवत, धाकटा बसायचा तसा, तो बसला होता. कानाला फोन. "जेवलो गं आई. अगं जेवलो म्हणतो ना, शपथ घेऊ का आता? दादा? दादा आहे की. आत कामात आहे, तुला माहितीये त्याचं, एकदा हात घातला की बाहेर यायला नको." त्याने वर पाहिलं. तिने आज पहिल्यांदा, वर्षात पहिल्यांदा, त्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. चेहरा तोच होता, नवऱ्याचा, तीळ जिथे होता तिथेच. फक्त तो खुशीत होता. इतका खुशीत की तिला रडू यायला लागलं. "आई, थांब, वहिनी आल्यात," तो म्हणाला.

"अरे," ती म्हणाली, "ऐक ना. अरे."

त्याने मान वळवून आपल्या पाठीमागे पाहिलं. ती कुणाला हाक मारतेय ते बघायला. मागे कुणी नव्हतं. मग त्याने, काही समजलं नाही अशा संकोचाने हसून, फोन तिच्यापुढे धरला. "वहिनी, आईला बोलायचंय."

फोन कोमट झाला होता. "घरी कशी गं आज?" सासूबाई म्हणाल्या. "बरं नाही का?"

"आई, आत्ता कोण बोलत होतं?"

सासूबाई म्हणाल्या, "रागावू नकोस. मी दुपारचा फोन करते. तू नसतेस तेव्हा. आधी मोठाच बोलायचा, हं-हं करून ठेवून द्यायचा. मीच म्हटलं, तुला नकला येतात ना रे, एकदा त्याच्यासारखं बोल. एकदाच म्हटलं होतं मी. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून केलं." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "दवाखान्यातून मोठ्याने मला सांगितलं होतं बघ, आई, तो झोपलाय, उठला की देतो त्याला फोन. फोन ठेवून आत गेला आणि... तुला ठाऊकच आहे. आता दिला की गं त्याने फोन. शब्दाचा पक्का आहे माझा मोठा."

ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती. नवरा बाहेर जाऊन आईशी बोलत असताना धाकटा गेला, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिने विचारलं नव्हतं. "आई, मोठा कुठाय?" ती म्हणाली.

"तुझ्याकडेच की. मी कुठे मागते त्याला? संध्याकाळ तुझी, रात्र तुझी. मी नुसती दुपार घेते गं. तेवढी घेऊ दे मला."

"काल संध्याकाळी मला जिन्यात धाकटा भेटला."

तिला वाटलं, आता त्या घाबरतील, म्हणतील, अगं बाई, हे थांबवायला हवं. पण सासूबाईंनी विचारलं, अगदी हळू, मागून घेतल्यासारखं, "कसा दिसत होता गं?"

तिने फोन कानापासून दूर केला. समोर तो पाय हलवत बसला होता, तिचं बोलणं होईपर्यंत दुसरीकडे बघत, पाहुण्यासारखा. त्याला खांदे धरून हलवावं, तोंडात मारावी, मिठी मारावी, सगळं तिच्या हातांत आलं आणि हातांतच राहिलं. परक्या माणसाला कशी मिठी मारणार? नाव घेऊन हाक मारली असती, पण त्याच्या नावावर त्याने वळून बघितलं नाही तर मग तिच्याकडे काही उरणार नव्हतं. एकच वाट होती, आणि ती धाकट्यातून जात होती. जे शब्द खेळातलेच, कधीही खरे करायचे नाहीत असे होते, ते तिने वापरले.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमच्या दादाला जरा बोलवा ना."

"बोलवतो की," म्हणून त्याने टुणकन उडी मारली. जाताना भिंतीला चिकटून त्याने तिला वाट दिली. तो पुढच्या खोलीत गेला. "दादा. ए दादा. वहिनी बोलवतायत." मग झोपायच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज झाला. "दादा?" न्हाणीघराच्या दाराशी तो थांबला असावा, तिथे त्याने दोनदा टकटक केलं. "ए दादा, ये ना बाहेर." पुढची हाक स्वयंपाकघरातून आली, आणि त्या हाकेत आता थट्टा नव्हती; लहान पोर मोठ्या घरात एकटं पडल्यावर हाक मारतं तशी ती होती. हातातल्या फोनवर सासूबाईंनी श्वास धरल्याचं तिला कळलं. त्याही ऐकत होत्या. दोघी बायका, एक इथे आणि एक तिथे, आतून कुणी ओ देतं का म्हणून कान लावून उभ्या होत्या, आणि तो एकेका खोलीत जाऊन स्वतःला हाका मारत होता.